दोन दोरांची काहील

काहील चुलवाणावर चढते, पाण्यावर नाही, अशी लग्न होऊन येईपर्यंत माझी समजूत होती. माझं माहेर वाईचं. तिथली कृष्णा घाटाच्या पायऱ्या उतरून भेटायची. सासरी वाळवा तालुक्यात आले तर तीच कृष्णा इथं रुंद नि मातकट, आणि माणसं गूळ शिजवायच्या लोखंडी काहिलीत बसून खुशाल पलीकडच्या तीराला जायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही सगळी मंडळी माझी थट्टा करतायत.

आता गुऱ्हाळ बंद झालंय. ऊस सगळा कारखान्याला जातो. काहील मात्र आहे, आणि ह्याच काहिलीत काही हिवाळ्यांपूर्वी आमचे हे माझ्या शेजारी बसल्या बसल्या जाता जाता राहिले. त्या सकाळी काय झालं ते मी किती जणांना सांगितलं असेल, आणि दर वेळी काहीतरी वेगळंच सांगितलंय. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. त्या दिवशी माझं डोकंच ठिकाणावर नव्हतं, त्याला मी काय करू? आधीचं मागं गेलं, मागचं पुढं आलं. आता एकदा लिहून बघते, लागली संगती तर लागली.

आमचे हे फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर होऊन आले ते बोलणं तिकडंच ठेवून आले. घरात चार माणसं बसली की हे उठून गोठ्यात जायचे. मग मुलानं पुण्याहून लांब नळीचा कॅमेरा पाठवला आणि ह्यांना बदकांचा नाद लागला. आमच्या गावाखाली बंधारा आहे. थंडीत त्याच्या वरच्या अंगाला पाणी तळ्यासारखं थांबतं आणि लांबून लांबून बदकं येऊन उतरतात. भगव्या रंगाचे चक्रवाक येतात, फताड्या चोचीचे थापटे येतात. सासरे आणि त्यांचे सोबती ह्याच काहिलीत उसाच्या पाचटाखाली दडून ठासणीच्या बंदुकीनं बदकं मारायचे म्हणे. आता ते बंद झालं, कायदाच आहे. पण दडून बसायची रीत ह्यांनी बापाचीच उचलली. काहिलीवर बांबूच्या कामट्या वाकवून बसवायच्या, त्यावर घोंगडी टाकायची, घोंगड्यांवर पाचट. आतून नळी बाहेर काढायला एक भोक. लांबून बघणाऱ्याला वाटावं, वाहून आलेला कचरा अडकलाय.

पाण्यावर एकट्यानं जायचं नाही, असा लेकीनं फोनवरून दम भरला, म्हणून माझी नेमणूक झाली. मला बदकांचं काही नव्हतं. पण खरं सांगते, मला जायला आवडायला लागलं. घरात तोंड न उघडणारा माणूस तिथं घोंगड्याखाली हळू आवाजात बोलायचा. बदकांबद्दलच बोलायचा, पण बोलायचा.

दोन गोष्टींचा त्रास होता. पहिली म्हणजे काहील गरगर फिरायची. तिला ना तोंड ना शेपूट. जरा वारा आला की निघाली भिंगरी. आम्ही चक्रवाकांवर नेम धरावा आणि थोड्या वेळानं भोकातून बघावं तर समोर गावचं पंप हाऊस. हे लय वैतागायचे. शेवटी त्यांनी तोडगा काढला. पाण्यात एक वाळलेली बाभळ उभी आहे. काहिलीच्या एका कडीचा दोर त्या बाभळीला, दुसऱ्या कडीचा लांब दोर काठावरच्या खुंटीला. दोन्हीकडून ताणून बांधली की काहील जागची हलायची नाही. बाभळीकडच्या दोराची काहिलीच्या कडीपाशी मारलेली गाठ त्यांनी मला दाखवून ठेवली होती.

"हे बारकं टोक वडलं की सुटती. अडचण आली तर वडायचं. दुसरं वडशील तर आवळून बसंल."

"मला कशाला सांगताय? तुमी हाय की सोडायला."

"ध्यानात ठीव," एवढंच म्हणाले.

दुसरा त्रास थंडीचा. पाण्यावर थंडी वरून येत नाही, खालून येते. लोखंड नदीचा गारठा पितं आणि थेट तुमच्या बुडाला पोचवतं. खाली पाचट घातलं, पोती घातली, तरी माझे गुडघे धरायचे. मीच म्हटलं, शेगडी घेऊया. लेकीच्या बाळंतपणातली, बाजेखाली ठेवायची लहान लोखंडी शेगडी माळ्यावर पडलेलीच होती.

ते लगेच हो म्हणाले नाहीत. दोन दिवस विचार केला आणि मग ऑर्डर काढल्यासारख्या अटी घातल्या. धूर होता कामा नये, बदकं उडतील. शेगडीखाली वाळूची पाटी पाहिजे, भोवती भिजवलेलं पोतं पाहिजे. पाणी उपसायचा डबा भरून जवळ पाहिजे. इथवर मला समजलं. पुढं म्हणाले, "वर ताडपत्री टाकायची न्हाई. घोंगडंच."

"का वो? ताडपत्रीनं वारं तरी अडंल."

"घोंगड्यातनं हवा जाती-येती. आन् पायाकडं वीतभर फट ठिवायची. ती बुजवायची न्हाई."

"मग शेगडी कशाला? थंडी आत यील की तिथनं."

"यीना का," असं म्हणून हे गोठ्यात गेले. मला वाटलं, फौजेतल्या माणसाला उगाच नियम लावायची सवय.

धुराची अट मी जिवापाड पाळली. अंगणातच बाभळीचे कोळसे लाल होईपर्यंत फुंकले, धुराचा धागासुद्धा राहिला नाही, तेव्हा शेगडी उचलली. धूर नाही म्हणजे घोर नाही, असं मी समजून चालले होते. आमच्याकडं कुणीही हेच समजलं असतं.

ती सकाळ धुक्याची होती. उजाडल्यावरही समोरचा तीर दिसत नव्हता. धाकटे दीर काठावरच्या आमच्याच रानात वैरण कापत होते, त्यांच्या विळ्याचा आवाज ऐकू यायचा, माणूस दिसायचा नाही. आम्ही काहिलीत बसलो, ह्यांनी दोन्ही दोर ताणले, घोंगडी ओढून घेतली. घोंगडी रात्रभर बाहेर राहून दंवानं चिंब झालेली होती, हाताला जडशीळ लागत होती. शेगडीची ऊब मात्र अशी लागली की मला लेकीच्या बाळंतपणाची खोली आठवली. सुंठीचा वाससुद्धा आला. आता तो कुठून येणार? पण आला.

थोड्या वेळानं चक्रवाकांची जोडी आवाज करत उतरली, अगदी जवळ. ह्यांचा श्वास बदलला. त्याच वेळी माझे पाय आखडले आणि मी कण्हले असेन. ह्यांनी वळून माझ्या पावलाला हात लावला.

"बरफ झाल्यात की," म्हणाले. आणि शेजारचं पोतं उचलून पायाकडच्या फटीत कोंबलं.

हे मला नक्की आठवतं. फट ह्यांनीच सांगितली होती आणि ह्यांनीच बुजवली. मी तेव्हा खूश झाले. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या पायांची एवढी चौकशी कुणी केली नव्हती.

इथून पुढचं सगळं कालवलेलं आहे.

माझं कपाळ ठणकायला लागलं. उपाशीपोटी चहा घेतला, पित्त असेल, असं वाटलं. मग गरगरायला लागलं. त्यावर मला काही वाटलंच नाही, कारण काहील फिरते हे कुणाला ठाऊक नाही? मी म्हटलं, "फिराय लागली."

"फिरतीय," हे म्हणाले.

दोघांनाही दोर आठवला नाही. ज्या माणसानं तासाभरापूर्वी स्वतःच्या हातानं दोन्हीकडून ताणून बांधली, तोच म्हणतो फिरतीय, आणि मी मान डोलावते. आज हे आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो. तेव्हा हसू आलं होतं.

मी भोकातून बाहेर बघितलं. बाभळीच्या वाळक्या फांदीवर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. मी डोळे मिटले, काहिलीला चांगल्या दोन-चार गिरक्या घेऊ दिल्या, उघडले. पाणकावळा तिथंच. परत मिटले, परत उघडले. तिथंच! मला त्याचा राग यायला लागला. आम्ही एवढे फिरतोय आणि हा मेला दर वेळी बरोबर भोकासमोर कसा येतो? मला वाटलं, बाभळही आमच्याबरोबर फिरत असणार. नदीच फिरत असणार. कृष्णेला आज झालंय काय, असा मी मनापासून विचार करत बसले.

ह्यांनी विचारलं, "किती हायेत?" बदकं मोजायची होती. मी मोजायला लागले, एक, दोन, आणि पुढं काय येतं ते येईना. तोंडात जीभ पोत्याच्या तुकड्यासारखी पडली होती.

मग हे हिंदीत बोलायला लागले. घरी ते कधीच हिंदी बोलत नाहीत. म्हणाले, "बुझा दे यार. बाहर निकाल इसको."

मला वाटलं, घरी खोलीत दिवा चालू राहिलाय म्हणून बोलतायत. मी म्हटलं, "लाईट मघाशीच घालवलीया."

"बुझा दे, यार," पुन्हा तेच. आवाज मोठा नव्हता. अगदी अजिजीनं, धाकट्या भावाला समजवावं तसा. आणि त्यांनी डोकं माझ्या खांद्यावर टेकलं.

मला लाज वाटली. हसू नका. दिवसाढवळ्या, ह्या वयात, काठावर दीर वैरण कापतायत, आणि हा माणूस माझ्या खांद्यावर डोकं ठेवतो? मी त्यांना कोपरानं ढोसलं. "सरका की वो. बगतील कोन तरी." ते सरकले नाहीत, घसरले. माझ्या मांडीवर आले. तोंड शेकोटीला बसल्यासारखं लालबुंद, आणि मला वाटलं, किती दिवसांनी शांत झोप लागलीय बिचाऱ्यांना.

म्हणजे माझा नवरा माझ्या मांडीवर चालला होता आणि मी त्याला झोपू द्यायचं म्हणून अंग हलवत नव्हते. हे मी लिहायचं की नाही, असं बराच वेळ वाटत होतं.

आम्हाला वाचवलं ते माझ्या रागानं. शहाणपणानं नाही, हे मी ठासून सांगते, कारण पुढं गावभर माझ्या हुशारीचं कौतुक झालं. मी पुन्हा भोकातून बघितलं आणि तो पाणकावळा पुन्हा तिथंच. डोक्यात सणक गेली. म्हटलं, थांब, आज तुला बघतेच, तू फिरतोस का मी फिरते. आणि दोन्ही हातांनी घोंगडी धरून कामट्यांसकट उपसून पाण्यात ढकलली. पाणकावळा उडाला.

गार हवा तोंडावर आली. मला समोर दोर दिसला, बाभळीकडं ताणलेला, ताठ. मागं वळून बघितलं तर दुसराही ताठ. काहील तसूभरही हललेली नव्हती. मी त्या दोराकडं बघत राहिले. काहील फिरत नाही, मग फिरतंय काय? खाली बघितलं. ह्यांचे ओठ उघडे, डोळे अर्धे मिटलेले. हाक मारली, हूं नाही की चूं नाही.

मी डबा उचलून शेगडीवर ओतला. फस्सकन वाफ आली, बदकं फडफडत उठली. दिरांना हाक मारायला गेले तर आवाज पोचेना. उभी राहायला गेले तर गुडघे वळले. काहिलीच्या काठावर डबा बडवत राहिले. लोखंडाचा तो आवाज ऐकून दीर धावत काठावर आले. "काय झालं, वैनी?"

"वडा!" एवढंच सुधरलं.

त्यांनी काठाकडचा दोर ओढायला सुरुवात केली. काहील तिरकी झाली, पाणी आत आलं, पण जागची हलेना. दुसऱ्या दोरानं बाभळीला धरून ठेवली होती ना! ज्या दोरामुळं काहील फिरत नाही हे मला कळलं, तोच आता सोडत नव्हता. मी गुडघ्यांवर सरपटत त्या गाठीशी गेले. दोन टोकं. एक बारकं, एक जाड. कुठलं ओढायचं? ह्यांनी दाखवलं होतं, मी ऐकलं होतं, आणि काहीही आठवत नव्हतं. एक ओढलं. गाठ दगडासारखी आवळली. मी तिथंच रडायला लागले, गाठीला शिव्या दिल्या, फौजेला शिव्या दिल्या. मग दुसरं ओढलं, तर अशी सुटली की मी मागच्या मागं ह्यांच्या अंगावर पडले.

काठावर दिरांनी त्यांना उताणं घातलं. बटणं काढली, छाती चोळली. मी डोकं मांडीवर घेतलं, मग एका कुशीवर केलं, कारण ते ओकले. मला अजून भडभडत होतं, त्यामुळं मीही शेजारी ओकले. बराच वेळ, निदान मला बराच वाटला, ते नुसते घरघरत होते. मग डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. माझ्याकडंच, का माझ्याआड कुणाकडं, ते मला सांगता येणार नाही.

"बुझा दी?" विचारलं.

मला हिंदी धड येत नाही. तरी मी म्हटलं, "दी."

"शाबास," म्हणाले, आणि पुन्हा डोळे मिटले. ह्या वेळी श्वास संथ चालला होता.

तालुक्याच्या दवाखान्यात दोघांनाही नाकातोंडाला मास्क लावून ऑक्सिजन दिला. डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची. तिनं आधी तपासलं, मग झापलं. मी आपली तिला परत परत सांगतेय, "आवं, पण धूर नव्हता हो. कणभर धूर नव्हता." ती म्हणाली, काकू, कोळशाच्या वायूला रंग नाही, वास नाही, तो धुरात दिसत नाही. उघड्यावर उडून जातो, कोंडला की माणसाला गुंगवतो आणि गुंगलेल्या माणसाला आपण गुंगलोय हे कळत नाही. मी म्हटलं, घोंगडं होतं, त्यातून हवा जाते. म्हणतानाच मला कळलं. भिजलेल्या घोंगड्यातून पाणी गळत नाही, म्हणून तर धनगर पावसात त्याच्याखाली बसतो. मग हवा तरी कुठून जाणार? हे मी पोरवयापासून बघत आलेय आणि त्या सकाळी मला ते सुचू नये!

पण माझं खरं कोडं दुसरंच होतं. ताडपत्री नको, फट बुजवू नको, हे ह्यांना ठाऊक होतं. म्हणजे वायूचं ठाऊक होतं. मग मला सांगितलं का नाही? आणि ठाऊक असून पोतं का कोंबलं? मी अनेक रात्री ह्यावर पडून राहिले. एकदा तर मनात नको ते आलं, म्हणजे ह्या माणसाला जायचंच होतं की काय. मग पायावरचा तो हात आठवायचा आणि मी स्वतःवरच चिडायचे.

शेवटी एका दुपारी अंगणात शेंगा फोडत बसलो असताना मी सरळ विचारलं. "आवं, यार म्हंजी कोन?"

हात थांबले. मग सांगितलं, एका दमात, कधी नव्हे ते. वर बर्फातल्या चौकीत हे आणि एक सोबती एका खोपटात झोपायचे. रात्री शेगडी. ह्यांनी त्याला सांगितलं, विझव. तो म्हणाला, थंडी लय आहे, राहू दे जरा. हे दाराशी झोपलेले, दाराखालून वारं येत होतं. हे कूस बदलून झोपी गेले. सकाळी हे उठले, तो उठला नाही.

"मी उठून विझवायला पायजे हुती," म्हणाले. "दोन पावलांवर हुती."

"आन् फट का बुजवली?"

"तुजे पाय गार हुते," म्हणाले. मग पुढची शेंग उचलत, "तवा डोकं जाग्यावर हुतं का न्हवतं, मलाबी सांगता यायचं न्हाई."

म्हणजे त्यांनाही ठाऊक नाही. माझा अर्धा गोंधळ तिथं मिटला, अर्धा राहिला तो राहिलाच.

आम्ही अजून जातो. मुलं ओरडतात, तरी जातो. शेगडी भंगारात घातली. आता गरम पाण्याच्या रबरी पिशव्या, थर्मासमध्ये चहा, पायात दोन-दोन कोरडे मोजे, बुडाखाली जाड फोम. कामट्या नाहीत, पाचट नाही. घोंगडं अंगावर, डोकी उघडी. गंमत म्हणजे बदकांना काहीच फरक पडत नाही, ती येतात तशीच येतात. इतकी वर्षं सासऱ्यांनी आणि ह्यांनी उगीच दडून घेतलं.

काहील बांधून झाली की हे दोन्ही दोर हातानं चाचपतात. मग कॅमेऱ्याला डोळा लावायच्या आधी, माझ्याकडं न बघता विचारतात, "बुझा दी?"

काहिलीत विझवण्यासारखं काही नसतं. मी म्हणते, "दी." हे मी माझ्या वतीनं सांगते की बर्फातल्या त्या सोबत्याच्या, ते मला अजून उमगलेलं नाही. पण ऐकल्यावर ह्यांचे खांदे खाली येतात, तेवढं मी दर वेळी बघते, आणि मगच चहा ओतते.